ताईबाईचा जबाब

लोटन भाईदासच्या अक्षराचं गावात भारी कौतुक होतं. मोडी लिहायला बसला तर ओळ वाकडी जायची नाही, आणि बाळबोध लिहिलं तर छापलंय का काय असं वाटायचं. लग्नकार्याला शेजाऱ्याचं तपेलं मागून न्यावं, तसं मामलेदार कचेरीवाले अधूनमधून त्याला म्युनिसिपालिटीतून मागून न्यायचे. शिवाय माणूस सरळ. सांगेल तेवढंच लिहायचा, पदरचं काही घालायचा नाही. पंचविशीतच म्युनिसिपालिटीचा कारकून झाला तो या दोन गुणांवर, आणि पुढे जे झालं तेही या दोन गुणांमुळेच झालं.

गाव तालुक्याचं. सकाळी दमणी जुंपली तर बैलांनी दुपारी जळगाव स्टेशन दाखवावं, इतकं लांब. नाव सांगून उपयोग नाही, तशी गावं खानदेशात हवी तेवढी होती. १९१८ साली दिवाळीच्या आगेमागे मानमोडीचा ताप आला आणि त्यानं घरंच्या घरं झाडून नेली. सकाळी पाणी भरणारी बाई संध्याकाळी नसायची. म्हातारी माणसं राहिली, तरणी गेली, आणि गल्ल्यांमधून कुणाचीच नसलेली पोरं हिंडायला लागली. म्युनिसिपालिटीनं त्यांना गोळा केलं, गावाबाहेर प्लेगच्या वेळच्या झोपड्या होत्या तिथं ठेवलं, आणि सांभाळायला आपल्याच नोकरीतली दाई दिली. सतरा पोरं होती. हे काम म्युनिसिपालिटीनं मनापासून केलं, ते नाकारता येणार नाही. अध्यक्ष लीलाधरशेठ स्वतः घोंगड्या मागवून घेऊन झोपड्यांत गेले होते, आणि तेव्हा तिथं जायला कुणी धजत नव्हतं.

दाई म्हणजे ताईबाई. न्हाव्याची विधवा, पन्नाशीची, हाडापेरानं मोठी. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर आलेली. तिला स्वतःला मूल नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं तर ती त्यालाच दोन शब्द सुनवायची.

संक्रांतीपर्यंत चुलते आले, मावश्या आल्या, आजे आले. रडत, लाजत, कुणी कुरकुरत आपापली पोरं घेऊन गेले. होळीपर्यंत एकच उरली. सुपडी. अभिमन नि सुंदरबाईची पोर, साडेचार वर्षांची. दोघं नवराबायको एकाच आठवड्यात गेली होती आणि मागे विचारायला कुणी उरलं नव्हतं. एका पोरीसाठी झोपड्या कशाला ठेवायच्या, म्हणून त्या मोडल्या, आणि ताईबाईनं सुपडीला कडेवर घेऊन घर गाठलं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पोर तिला माय म्हणायची. बाळंतपणाला निघाली की पोरही तिच्या मागून निघायची आणि त्या घराच्या ओट्यावर गप बसून राहायची.

त्याच साली पाऊसही दगा देऊन गेला होता. पोटापाण्याच्या ओढीत लोक पोरी कुणाच्याही हाती द्यायला लागले. स्टेशनांवर गोड बोलणारी माणसं हिंडायची, पायलीभर दाणे द्यायची आणि पोर घेऊन गाडीत बसायची. म्हणून वरून हुकूम आला की, ज्या म्युनिसिपालिटीनं अनाथ मुलं ठेवली किंवा दिली असतील, तिनं प्रत्येक मूल कोणाच्या ताब्यात आहे आणि कोणत्या हक्कानं आहे याचा जबाब घेऊन पाठवावा. दाणे किंवा पैसे देऊन घेतलेलं मूल असेल तर ते काढून घ्यावं. नियम चांगला होता. ज्यानं केला त्याच्या मनात पोरांबद्दल कळवळा होता, यात शंका नाही.

चैताच्या उन्हात जबाबांचं काम निघालं. म्युनिसिपालिटीच्या खोलीत लीलाधरशेठ, सभासद चांदमिया रंगारी आणि लिहायला लोटन, एवढी मंडळी. आधीच्या सोळा मुलांचे कागद पटापट झाले. चुलता, रक्ताचं नातं, सही. मामा, रक्ताचं नातं, अंगठा. मग ताईबाई आली. सुपडी तिचा पदर धरून उभी होती.

लोटननं विचारलं, "अक्का, या पोरीवर तुमचा हक्क कोणता?"

ताईबाईला प्रश्नच कळेना. "हक म्हंजे?"

"हाई पोर तुमनी कशी, ते सांगा."

"मंग असं ईचार ना भाऊ." ती खाली बसली, ऐसपैस. "हिना पहिले सुंदरबाईना तीन पोरे मरी ग्यात. एक बी पाचवी पूजापावत जगनं नही. हाई व्हयनी, तव्हय सुंदरबाईनी हिले सूपमा टाकी नि माले सांगं, ताईबाई, हाई मनी नही, तुनी शे. मी घरथीन सूपभर जवारी लई उनू, तिनी ओटीमा टाकी, नि पोर ईकत लिधी. दूध तिनी पाजं, पन पोर मनी. लगीनना येळे सुंदरबाई सवाई जवारी दिसन परत लेनार व्हती. ती मरी गई. मंग आते मनीच ना?"

खोलीतल्या सगळ्यांना हे पाळण्यातल्यापासून ठाऊक होतं. ज्या घरी मूल जगत नाही, तिथं नवं मूल सुपात घालून दुसरीला विकायचं. म्हणजे मरण दाराशी आलं तरी त्याला वाटावं, या घरात यांचं मूल नाही. कुणाचं सुपडू होतं, कुणाचं उखा, कुणाचं भिका. खुद्द लोटनलाच तीन भावंडांच्या माघारी जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोटलं होतं, म्हणून तो लोटन. चांदमिया हसून म्हणाले, "आमच्या थोरल्या भावाला शेजारच्या माळणीनं घेतलं होतं. मरेपर्यंत त्याला चिडवायची, मुद्दल फेड म्हणून."

लोटननं टाक शाईत बुडवला आणि कचेरीच्या मराठीत वाक्य जुळवलं. जुळलं तेव्हा त्याला बरं वाटलं. त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं: "सदर मुलगी तिचे जन्मसमयी तिचे आईकडून मी एक सूप ज्वारी देऊन विकत घेतली, सबब ती माझी आहे." ताईबाई म्हणाली, बरोबर शे. तिनं अंगठा उठवला. शेठनी सही केली. लिहिलं होतं ते सगळं खरं होतं आणि खोलीत बसलेल्या चौघांनाही ते बरोबर समजलं होतं. फक्त ज्याला वाचायचं होतं तो माणूस खोलीत नव्हता, आणि ही गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही.

तो माणूस म्हणजे नवे प्रांतसाहेब. महिन्यापूर्वी सिंधमधून बदलून आलेले. त्यांनी सूप पाहिलं असेल तर ते धान्य पाखडताना.

ज्येष्ठात हुकूम आला. सदर बाईनं मूल धान्याच्या मोबदल्यात खरेदी केल्याचं स्वतः कबूल केलं आहे. मूल आठ दिवसांत काढून घेऊन अनाथाश्रमात पाठवावं; आश्रमाची बाई जळगाव स्टेशनावर येऊन ताबा घेईल. बाई अडाणी असल्यानं तिच्यावर खटला भरलेला नाही. आणि खाली एक ओळ होती: अशा बाईला म्युनिसिपालिटीनं मुलं सांभाळायला कसं नेमलं, याचा खुलासा करावा.

त्या शेवटच्या ओळीनं लीलाधरशेठचं अवसान गेलं. तरी पहिल्यांदा ते साहेबांच्या मुक्कामावर गेले, हेही सांगायला हवं. सकाळपासून झाडाखाली बसले आणि दुपारी आत गेले. साहेबांनी एकच विचारलं: बाईनं दाणे दिले आणि मूल घेतलं, हे खरं की खोटं? शेठ म्हणाले, "खरं आहे, पण..." दुभाष्यानं 'खरं आहे' एवढं सांगितलं, साहेबांनी मान हलवली आणि पुढचा कागद ओढला. शेठ हात हलवत परत आले.

लोटन त्यांच्याकडे गेला. "शेठ, जबाब नवा घेऊ. रीत आहे एवढं समजावून लिहितो मी."

"आणि आधीचा?"

"तो चुकून लिहिला म्हणू."

"कुणी लिहिला चुकून?" शेठनी त्याच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "तुझं अक्षर आहे लोटन. माझी सही आहे. साहेब म्हणतील, बाईला वाचवायला दोघं जबाब फिरवतात. तिच्यावर नसलेला खटला होईल आणि आपल्यावरही. तू म्हणत असशील तर लिही. मी तुला नको म्हणणार नाही."

लोटननं रात्रभर विचार केला असं म्हणावं तर तेही खरं नाही. तो जेवला आणि झोपला. सकाळी बायको कुंदाबाईनं विचारलं, "त्या पोरीनं काय व्हयनं?" तर तो तिच्यावर खेकसला.

आठव्या दिवशी ताईबाईला बोलावलं. सांगायचं काम लोटनवर आलं. एरवी तो तिच्याशी घरच्या बोलीत बोलायचा. त्या दिवशी तोंडातून कचेरीचीच भाषा आली. "सरकारी हुकमाप्रमाणे मुलीस संस्थेत पाठवायचे आहे. आपण ताबा द्यावा."

ताईबाईनं त्याला दोनदा सांगायला लावलं. त्याला वाटलं होतं त्याहून ती फार लवकर समजली. पोरीला तिनं दारात शेंगा फोडत बसवलं होतं. तिकडे एकदा पाहिलं. ओरडली नाही, पाया पडली नाही. ती विचार करत होती, आणि तिचा विचार करून झाला तेव्हा ती शेठकडे वळली.

"लई जाई राहिनात ते जा. मी सरकारशी भांडू नही शकस. पन अशी फुकट नका लई जावा. तिनी माय तिले परत लेवाना पहिलेच मरी गई. आते तुमी लेतस ते तुमी ईकत ल्या. सूपभर जवारी मन्या ओटीमा टाका. सवाई नको, सूपभरच टाका."

शेठ म्हणाले, "बाई, त्या विकत घेण्यावरूनच तर हे सगळं झालंय."

"माले ठाऊक शे. पन तशी गई ते ती कोनीच नही. ना सुंदरबाईनी, ना मनी, ना तुमनी. मरनले ती चटकन दखाई जाई." हे म्हणताना मात्र तिचा आवाज फुटला. "चार वरीस मी तिले दपाडी ठेई. मानमोडीमा बठ्ठा ग्यात, ती वाचनी. कसी वाचनी? आते उघडी पाडू नका."

म्हणजे पोर ठेवून घेऊ द्या असंही बाई म्हणत नव्हती. एवढंच हवं होतं की पोर इथून जाताना कुणाची तरी होऊन जावी. एक सूप ज्वारी. चांदमिया उठले. "मी आणतो घरून. पाच मिनिटांचं काम आहे."

"बसा चांदमिया," शेठ म्हणाले. "तुम्ही सभासद आहात. म्युनिसिपालिटीच्या कचेरीत, म्युनिसिपालिटीच्या सभासदानं, दाणे देऊन पोर घेतली. उद्या हेच कुणी वर कळवलं तर तुम्ही काय सांगाल? रीत आहे?" चांदमिया थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग बसले. त्यांना सहा लेकरं होती.

लोटनचं घर समोरच्याच गल्लीत होतं. सकाळीच कुंदाबाई ज्वारी निवडत बसली होती, सूप तिच्या मांडीवर होतं. हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढे लख्ख दिसत होतं. पन्नास पावलं जायचं, पन्नास यायचं. तो सभासद नव्हता, कुणी नव्हता. त्याचं नाव कुणी वर कळवलं असतं का, तर बहुधा नाही. तो टेबलाला हात टेकून उभा राहिला आणि सरकारी हुकमाची घडी घालत राहिला, उलगडून पुन्हा घालत राहिला. भ्याला, दुसरं काही नाही. त्याला ते तेव्हाही कळत होतं.

ताईबाई वाट पाहत होती. कुणीच हललं नाही, तेव्हा ती उठली. पोरीच्या ओच्यातल्या शेंगांची फोलपटं तिनं झाडली, तोंड पुसलं, केस बोटांनी सारखे केले आणि म्हणाली, "लोटनभाऊसंगे जाय." मग मागल्या दारानं निघून गेली.

दमणीत पोर खुशीत होती. बैलांच्या घुंगरांबरोबर मान हलवत होती. बाळंतपणालाच चाललोय असं तिला वाटत असावं, कारण अर्ध्या वाटेवर तिनं विचारलं, "कोना घर बाळ व्हनार शे?" पिंप्राळ्याजवळ बैल पाणी प्यायला थांबले तेव्हा ती दमणीच्या मागल्या बाजूला गेली आणि रस्त्याकडे बघत राहिली.

"माय मांगे येई राहिनी का?"

"हा," लोटन म्हणाला. "मांगली गाडीमा."

स्टेशनावर आश्रमाची बाई उभी होती. वच्छलाबाई नाव. पांढरं लुगडं, थकलेला चेहरा, हातात आणखी दोन पोरांची बोटं. बाई भली दिसत होती. तिनं सुपडीला गूळपोळी दिली आणि लोटनला पावती: एक मुलगी, वय अंदाजे चार, मिळाली. गाडी हलली तेव्हा सुपडी खिडकीतून फलाटाकडे बघत होती. लोटनकडे नाही, त्याच्या मागे, जिथून माणसं आत येतात तिकडे. तिला अजून रडू आलं नव्हतं. ती वाट पाहत होती.

भादव्यात आश्रमाचं पत्र आलं. टपाल फोडायचं काम लोटनचं. वच्छलाबाईंनीच लिहिलं होतं, सुवाच्य, नीट. आपणाकडून आलेली मुलगी खात नाही. रात्री उठून दाराशी जाऊन बसते. अंगात बारीक ताप राहतो. तिला विचारता आपली आई हयात आहे, गावात दाई आहे, ती मागच्या गाडीने येणार आहे असे सांगते. आपल्या कागदांत आई मयत लिहिली आहे. लहान मुले काही काही बोलतात. तथापि आई खरोखर हयात असल्यास मुलीस आईकडे परत पोचवण्यास संस्था तयार आहे. कृपा करून उलट टपाली कळवावे.

लोटननं पत्र दोनदा वाचलं. मग शेठच्या घरी घेऊन गेला, कारण असं पत्र कचेरीत वाचून दाखवायला त्याला जमेना. शेठ झोपाळ्यावर होते. ऐकताना त्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला.

मग म्हणाले, "सुंदरबाई मेली ना?"

"मेली."

"आपल्या मृत्यूच्या बुकात आहे?"

"आहे. मीच लिहिलंय."

"मग तेच कळव." झोपाळा पुन्हा सुरू झाला. "दुसरं लिहिलं तर पहिल्यापासून सगळं निघेल. जातील दिवस, रुळेल पोर. सगळीच रुळतात."

लोटन कचेरीत आला. कागद घेतला. आश्रमानं साहेबांना विचारलं नव्हतं, म्युनिसिपालिटीला विचारलं होतं, म्हणजे त्याला. 'आई हयात आहे' एवढे तीन शब्द लिहिले असते तर पोर पंधरा दिवसांत परत आली असती. नंतर जे निस्तरायचं ते निस्तरलं असतं. त्यानं लिहिलं: "सदर मुलीचे आई व वडील दोघेही मानमोडीचे साथीत मयत असून तशी नोंद या कचेरीत आहे. मुलीचे म्हणण्यास आधार दिसत नाही." ओळी सरळ आल्या. शाईवर वाळू टाकायची राहिली होती, तेवढ्यात दारात सावली पडली.

ताईबाई होती. गावात जन्मलेल्या पोरांची नावनिशी दाईनं दर सोमवारी येऊन सांगायची असा म्युनिसिपालिटीचा नियम होता, आणि ती एक सोमवार चुकवत नव्हती. तीन महिन्यांत पार वाळली होती. उंबऱ्याजवळ बसली, दम घेतला आणि दर सोमवारी विचारायची तेच विचारलं.

"पोरनं काई पत्र उनं का भाऊ?"

वच्छलाबाईंचं पत्र लोटनच्या डाव्या हाताखाली होतं. उजवीकडे त्याचं उत्तर वाळत होतं. ताईबाईला वाचता येत नव्हतं; ती दोन्ही कागदांकडे नुसती बघत होती.

"नही अक्का," तो म्हणाला. "काई पत्र नही."

"मंग बरी व्हई," ताईबाई म्हणाली. "आजारी ऱ्हाती ते कळावतात." तिनं डोळ्यांना पदर लावला, आणि तो काढला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर खरंच थोडं समाधान होतं. मग तिनं त्या आठवड्यात जन्मलेल्या पोरांची नावं सांगायला सुरुवात केली, आणि लोटननं जन्माचं बुक उघडून ती एकेक करून लिहून घेतली.